केशरबाईंचा एका रात्रीचा भूतान

केशरबाईंनी ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांसाठी खिचडी शिजवली. त्यांना हौस एकच, बुद्धाला मानणारा एखादा अख्खा देश डोळ्यांनी बघायचा. नोकरीत असताना रजा मिळेना, नंतर नवरा, बाबुराव, अंथरुणाला खिळले आणि ते गेल्यावर नातवंडांत जीव अडकला. शेवटी सुनेनंच, स्वप्नानं, मनावर घेतलं. तिच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणी भूतानला निघालेल्या, त्यांच्यात तिनं सासूचंही नाव घातलं. मुलांपाशी तिचा नवरा, राजरत्न थांबला.

सगळं सुरळीत पार पडलं ते थेट सरहद्दीवरच्या परवान्याच्या खिडकीपर्यंत.

"आधार नहीं चलेगा," खिडकीतला अधिकारी शांतपणे म्हणाला. "पासपोर्ट या वोटर कार्ड चाहिए."

"आई, मतदान कार्ड काढा ना. मी तुम्हाला पर्समध्ये ठेवायला सांगितलेलं."

"ते घरी आहे."

"विसरलात?"

"विसरते कशाला? मुद्दाम काढून ठेवलं. कपाटात, साडीच्या घडीत. अगं, मतदान तोंडावर आलंय. इकडे कुठे हरवलं म्हणजे? फिरायला जायचं म्हणून ते घेऊन गावभर हिंडू?"

स्वप्नाच्या डोळ्यांत पाणीच आलं. अधिकारी भला माणूस होता. त्यानं समजावलं, की इथल्या भारतीय कार्यालयातून ओळखीचा दाखला मिळतो, त्यावर आम्ही परवाना देऊ. जितक्या रात्री राहाल तितक्याच रात्रींचं शुल्क भरा. पण आज शनिवार. कार्यालय सोमवारी उघडणार.

बाकीच्या बायकांचे परवाने झालेले, गाडी उभी होती.

"तू जा त्यांच्याबरोबर," केशरबाई म्हणाल्या. "मी राहते लॉजवर. मला काय खातंय कोण?"

"गप्प बसा, आई," स्वप्ना म्हणाली आणि तिनं दोघींच्या बॅगा गाडीतून उतरवल्या.

सरहद्दीच्या अलीकडच्या जयगावच्या लॉजवर ती त्या दिवशी सासूशी धड एक शब्द बोलली नाही. खिडकीतून भूतानची रंगीत कमान दिसायची, त्यानं तर आणखीच डोकं फिरायचं. केशरबाई मात्र खाली जाऊन लॉजवालीशी गप्पा मारून आल्या, तिच्याकडून चहा घेऊन आल्या आणि सुनेसमोर कप ठेवून म्हणाल्या, "रागाव, पण चहा घे."

रविवारी संध्याकाळी त्या आपणहून बोलायला लागल्या.

"मी लहान होते. बाप मला मतदानाला घेऊन गेलेला. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. रांगेत त्याच्या मागं गावचा पाटील उभा होता. मागं, बरं का! एरवी बाप त्याच्या वाटेतनं बाजूला व्हायचा. त्या दिवशी कुणी त्याला सरक म्हटलं नाही. तो जागचा हलला नाही, मी त्याचं बोट धरून होते." मग त्या म्हणाल्या, "तुझी ट्रिप घालवली गं मी. पण कार्ड पर्समध्ये टाकायला हातच होईना."

स्वप्नानं त्यांच्या पायांवर शाल टाकली.

सोमवारी कार्यालयातल्या साहेबांनीही विचारलं, कार्ड का आणलं नाही. केशरबाईंनी आपल्या हिंदीत सांगितलं, "साब, वो कार्ड वोटिंग का है. घूमने का थोडी है?" साहेब हसले. राजरत्ननं फोनवर पाठवलेला कार्डाचा फोटो त्यांनी निरखून पाहिला आणि दाखला दिला. पण ग्रुप दुसऱ्याच दिवशी परत यायचा होता. म्हणजे हातात एकच रात्र होती. तेवढंच शुल्क भरून परवाना मिळाला.

"आत्ता टॅक्सी केली तर रात्रीपर्यंत थिंपू गाठू," स्वप्ना म्हणाली.

"एकच रात्र आहे ना? मग अर्धीअधिक गाडीत कशाला घालवायची?"

म्हणून त्या जवळच्याच डोंगरावरच्या मठात गेल्या. तिथं एक सुरकुतलेली भूतानी म्हातारी प्रार्थनेची चक्रं फिरवत चालली होती. "चाक फिरवून काय होतंय? वागणं सुधाराय पाहिजे," केशरबाई स्वप्नाच्या कानात पुटपुटल्या. तेवढ्यात म्हातारीनं त्यांचा हात धरून चक्रावर ठेवला. केशरबाईंनी मुकाट्यानं फिरवलं, पहिलं, मग दुसरं, मग सगळीच. मूर्तीसमोर मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं गुडघे टेकून त्रिसरण म्हटलं. भाषा कळत नव्हती, तरी 'बुद्धं' ऐकून म्हातारी थबकली, जवळ आली आणि शेवटपर्यंत हात जोडून बाजूला बसून राहिली. स्वप्नानं फोटोसाठी मोबाइल काढला होता, तो तसाच परत ठेवला.

रात्री जेवायला मिरच्यांची चीज घातलेली भाजी आली. स्वप्नाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, केशरबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"आई, थिंपू राहिलं. वाईट नाही वाटत?"

"वाटतं की! न वाटायला काय झालं? मोठा बुद्ध आहे म्हणे तिथं."

दिव्याला परतल्यावर स्वप्नानं रजा टाकली आणि सासूला ठाण्याला नेऊन पासपोर्टचा अर्ज केला. फोटो काढणाऱ्या मुलीनं तीनतीनदा सांगितलं, "आजी, हसू नका." केशरबाईंना काही ते जमेना.