पंचवीस मिनिटं शिलाई, पाच मिनिटं कॉफी

बंगळुरूत चिकपेटच्या गल्लीत नरसिंहरावांचं शिवणाचं दुकान चाळीस वर्षं एकाच शब्दावर चाललं: 'नाळे'. कानडीत त्याचा अर्थ उद्या. नरसिंहरावांच्या तोंडी त्याला ठरावीक अर्थ नव्हता. हात सोन्याचे, पण बूड मशीनपाशी टिकत नसे.

हेमावती अक्का तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नाचा ब्लाऊज टाकताना त्यांनी बजावलं, "अण्णा, शुक्रवारी मुहूर्त. गुरुवारी पाचपर्यंत हवा. या वेळी 'नाळे' म्हणालात, तर पुढचं सगळं शिवण जयनगरच्या बुटीकमध्ये."

नरसिंहरावांनी घरात हे सांगितलं. सून प्रांजली पुण्याची, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. तिनं स्वयंपाकघरातला टायमर त्यांच्या हातात ठेवला.

"बाबा, पंचवीस मिनिटं फक्त काम. नो फोन, नो गप्पा. घंटी वाजली की पाच मिनिटं ब्रेक."

"मी चाळीस वर्षं हेच सांगतेय," इंदिराबाई आतून म्हणाल्या. "पण बायकोला घंटी कुठली!"

गुरुवारी दहाला टायमर फिरला. पंचवीस मिनिटं मान वर नाही. घंटी वाजली. आता कॉफी, पण चिकपेटात एकट्यानं कॉफी कोण पितो? एक कॉफी दोन पेल्यांत, म्हणजे बाय-टू. म्हणून समोरच्या बटणवाल्या हयवदनला हाक मारली. दुसऱ्या घंटीला तो न बोलावता आला. तिसरीला अस्तरवाले अनिलकुमार. चौथीला ओट्यावर सहाजण, आणि विषय मेट्रोचा. काम पंचवीस मिनिटं, ब्रेक पन्नास. दोन वाजले तरी बाह्या लागायच्या होत्या.

नरसिंहरावांनी टायमर उचलला आणि हयवदनच्या दुकानात नेला.

"हा तुझ्याकडे ठेव. घंटी झाली की मला हाक मार. तोवर कोणी येऊ नका."

"सरी, अण्णा!" हयवदननं होकार भरला. टायमर त्यानं बटणांच्या डब्यांमागं ठेवला, आणि डोसा पोटात असल्यानं स्वल्प आडवा झाला.

घंटी कोणाच्या कानी पडली नाही, म्हणून कोणी आलं नाही. नरसिंहराव शिवत राहिले. बाह्या झाल्या, हुक झाले, तुरपाई झाली. हाक काही येईना. 'ही पंचवीस मिनिटं बरीच लांब निघाली,' असं मात्र त्यांना दोनदा वाटलं. चार चाळीसला ब्लाऊजवर इस्त्री फिरली.

त्यांनी तो दर्शनी खुंटीला टांगला आणि दारात बसले. पाच वाजले. सव्वापाच. शेवटी फोन केला.

"अक्का, ब्लाऊज तयार आहे!"



"खरंच? अय्यो, अण्णा! मुहूर्त पुढच्या शुक्रवारी आहे. तुमची सवय माहीत, म्हणून आठ दिवस आधीचा सांगितला. बुटीकचं विसरा, तुम्हाला सोडून जाणार कुठे! पण मी आत्ता लांब जे. पी. नगरला आहे."

"मग न्यायला कधी येता?"

"नाळे," अक्का म्हणाल्या.

नरसिंहरावांनी फोन ठेवला. एवढ्यात समोरून हयवदन डोळे चोळत आला.

"अण्णा, घंटी झाली का?"

"झाली," नरसिंहराव म्हणाले. "बाय-टू सांग. आणि आज वेळ बघू नकोस."