शिक्का होता, क्रमांक नव्हता

त्यांनी सोफ्यावर आधी वर्तमानपत्र अंथरलं. मग म्हणाले, "बसा."

बाहेर कोरडं ऊन होतं. माझे कपडे इस्त्रीचे होते. चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या, पाय पायपुसण्यावर दोनदा घासले होते. तरी पेपर. माझ्यासाठी दोन पानं, माझ्या नातीसाठी दोन पानं. त्याआधी एकच प्रश्न विचारून झाला होता. "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं. मग पेपर आला.

मी बसलो. हे आधीच लिहून टाकतो. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म पोलीस खात्यात गेलेला, आणि मी त्या पेपरवर बसलो. जरा हललो की तो कुरकुरायचा. म्हणून मी हललो नाही.

मुलुंडच्या त्या घरी मी विनवणी करायला गेलो होतो. त्यांच्या मुलाने माझ्या नातीचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. कसले फोटो ते मी लिहिणार नाही. दोघांचं जमलं होतं तेव्हाचे, तिने विश्वासाने काढू दिलेले. नातीचे आईवडील नाशिकला असतात. ती नोकरीसाठी माझ्याकडे घाटकोपरला राहते, मरोळच्या ऑफिसात जाते. हा मुलगा परदेशातून त्याच ऑफिसच्या कामासाठी वर्षभर आला होता. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा त्याच्या घरी आमच्या आडनावावर गाडी अडली. तो परत गेला. नातीने त्याचे फोन घेणं बंद केलं. मग फोटो आले. आधी एका साइटवर, तिच्या नावासकट. नंतर तिच्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मेलवर.

तिने आईला सांगितलं नाही. बापाला सांगितलं नाही. मला सांगितलं. म्हणाली, "आबा, तुम्ही पोलिसात होतात ना."

मुलाच्या वडिलांनीही तेच विचारलं. "तुम्ही पोलिसात होता म्हणे?"

"हो. हवालदार होतो."

"मग तुम्हाला कळायला हवं. तो आता इथला राहिलेला नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याने. तुमच्या ठाण्याचा हात कुठवर पोचतो? विमानतळापर्यंत?" आणि ते हसले. फार वाईट हसले असंही नाही. पाहुण्याला विनोद सांगावा तसे हसले.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मुलींनी आपलं आपण सांभाळायला हवं हो. आम्ही तरी किती पुरे पडणार?"

मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. आमची कोणाहीविरुद्ध काही तक्रार नाही, पुढेही राहणार नाही. सही केली तर ते मुलाला फोटो काढून टाकायला सांगणार होते. सांगणार होते, एवढंच. मी हात जोडले. "साहेब, लहान पोर आहे," म्हणालो. पेन उचललं.

नातीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आबा, उठा."

"अगं..."

"उठा म्हणते ना."

लिफ्टमध्ये ती माझ्याकडे बघत नव्हती. आकड्यांकडे बघत होती. तळमजला आल्यावर म्हणाली, "हात कसले जोडता? चोरी आपण केली का?"

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली. एकटी. मी गेलो नाही. माझे पाय दुखतात असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिथे माझ्या ओळखीचे लोक असणार. ते पुरावा म्हणून तिचा फोन हातात घेणार, एकेक फोटो सरकवणार, मग मान वर करणार. ते मला सोसणार नव्हतं. तिला सोसावं लागेल, हा विचार मी केला नाही. मी घरी चहा करून प्यालो.

ती दुपारी परतली. आधी घाटकोपरच्या ठाण्यात गेली होती. ते म्हणाले, ऑफिस मरोळला आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, राहायला घाटकोपरला ना तुम्ही? मग कोणीतरी विचारलं, मुलगा कुठे आहे? परदेशात म्हटल्यावर सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. "मॅडम, हद्दीचा प्रश्न आहे. मुंबईची हद्द सोडा, देशाची हद्द आली."

तिने त्यांना विचारलं होतं, "फोटो इथे काढले. माझ्या ऑफिसात उघडले. बदनामी माझी इथे झाली. मग गुन्हा तिकडे कसा झाला?"

 मग घाटकोपरच्या ठाण्याने अर्ज घेतला होता. तिने प्रत माझ्यापुढे धरली. चेहऱ्यावर थोडा उजेड होता. "पण घेतला शेवटी, आबा. शिक्का दिलाय बघा."

मी चष्मा लावला. गोल शिक्का. तारीख. सही. सही ओळखीची होती. माझ्या हाताखाली काम शिकलेल्याची.

आवक क्रमांकाच्या जागी काहीच नव्हतं.

हे समजावून सांगायला हवं. ठाण्यात कागद आला की तो आवक वहीत चढतो आणि त्याला क्रमांक पडतो. क्रमांक पडला की तो कागद जिवंत होतो. वरचे विचारतात, याचं काय झालं? उत्तर द्यावं लागतं. क्रमांक नसेल तर तो कागद ठाण्यात आलाच नाही. माणूस गेला की तो टेबलाच्या खालच्या खणात. शिक्का नुसता शाईचा असतो, तो कोणीही मारतो. पण आलेला माणूस शिक्का बघतो, क्रमांक बघत नाही. शिक्का दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो घरी जातो. सरकारने आपलं ऐकलं असं त्याला वाटतं.

हे मला इतकं नीट माहीत आहे, कारण हे मी केलं आहे. एकदा नाही. मी ठाण्याचा रायटर होतो, म्हणजे लिखापढीचं सगळं काम माझ्या हाताखालून जायचं. खणही माझाच होता. नवीन आलेल्यांना ही युक्ती मीच शिकवली. आरडाओरडा करू नका, हाकलू नका, शिक्का मारा.

मी वस्तीतून आलेला, बापाने दगड फोडून शिकवलेला मुलगा. मला वाटायचं, मी खुर्चीवर बसलो म्हणजे आमच्या माणसांना दार उघडलं. दार मीच लावून बसलो होतो.

नातीला मी हे सांगितलं नाही. कागद परत दिला. "जपून ठेव," म्हणालो. आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडताच मला गोवंडीची बाई आठवली. तिलाही मी हेच म्हणालो होतो.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं. ती बाई साड्यांना फॉल-पिको करायची. तिची मुलगी जुहूच्या एका हॉटेलात खोल्या झाडायला होती. तिथे कामासाठी काही महिने राहिलेल्या एका परदेशी माणसाने तिच्याशी लग्नाची भाषा केली, फोटो काढले आणि आपल्या देशात गेल्यावर इंटरनेटवर टाकले. वस्तीतल्या कोणाच्या तरी फोनवर ते आले. बाईला लिहिता येत नव्हतं. अर्ज मी लिहून दिला. माझं अक्षर खात्यात प्रसिद्ध होतं. मग शिक्का मारला. ती पुन्हा आली. पुन्हा आली. सात-आठ वेळा आली. मी दरवेळी म्हणायचो, "बाई, माणूस परदेशी. विमान गेलं, हद्द संपली." एकदा मी असंही म्हणालो, "मुलीला जरा आवरायचं होतं." मुलुंडच्या बाईंच्या तोंडी मी ते ऐकलं तेव्हा मला ओळखीचं का वाटलं, ते आता कळतं.

आणि खोटं होतं ते. हद्द संपत नव्हती. परदेशात बसून केलेला गुन्हा, करणारा कोणत्याही देशाचा असो, इथल्या संगणकाशी त्याचा संबंध आला तर इथला कायदा त्याला लागू होतो. हे तेव्हाही कायद्यात होतं. त्याचं परिपत्रक आलं होतं. मीच ते भोक पाडून फाइलला लावलं होतं.

मी गोवंडीला गेलो. एकटा. पत्ता मीच कधीतरी लिहिला होता, पिठाच्या गिरणीमागची गल्ली एवढं लक्षात होतं. गिरणी आहे. बाईही आहे. केस पांढरे झालेत, मशीन तेच. मी दारात उभा राहिलो. तिने मान वर केली, थोडा वेळ बघितलं.

"साहेब ना तुम्ही? अक्षरवाले?"

आत बोलावलं. स्टूल दिलं. पदराने पुसून दिलं. मी मुलीची चौकशी केली.

"दिली गावाकडं. बरी आहे. फोन वापरत नाही. घरात कुणाचा वाजला तरी उठून अंगणात जाते." बाईने दोरा तोडला. "लग्नात फोटोवाला बोलावला नाही तिनं. आता तिला मुलगी झालीय, चार वर्षांची. त्या पोरीचाबी फोटो काढू देत नाही."

मग ती उठली. कपाटातून साड्यांच्या खालून एक कागद काढला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, कडक.

"तुम्ही म्हणला होता जपून ठेव. लॅमिनेट केला. भिजू नये म्हणून." तिने तो माझ्या हातात दिला. "अजून चालतो का हो साहेब?"

माझं अक्षर. मोत्यासारखं. माझा शिक्का, माझी सही. क्रमांकाची जागा कोरी.

मी म्हणालो, "ताई, हा कधीच चालला नाही."

"म्हणजे?"

"याला नंबर दिलाच नव्हता मी."

"मग शिक्का कशाला मारला?"

"तुम्ही जावं म्हणून."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, हे मी लपवत नाही. ती मशीनवर बसली, एक काठ पूर्ण केला. मशीन थांबल्यावर म्हणाली, "आणि आता सांगून मोकळं व्हायला आलात व्हय?"

 मी नातीचं सांगितलं. सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरी आलं तवा गोवंडीचा रस्ता सापडला."

हे वाक्य मी रोज ऐकतो. 

मी कागद परत द्यायला हात पुढे केला. तिने घेतला नाही.

"मला कशाला? तुम्ही न्या. नंबर टाकून आणा."

घरी आल्यावर मी नातीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिचा शिक्का खोटा आहे, हे आधी. ती खोटी युक्ती माझी आहे, हे नंतर. ती उठून गॅलरीत गेली. संध्याकाळ होईपर्यंत आत आली नाही. आल्यावर म्हणाली, "उद्या तुमचे पाय दुखणार आहेत का?"

"नाही."

"मग चला."

आम्ही दोघं गेलो. सही करणारा तिथेच होता. मला बघून उभा राहिला. "काका! आधी सांगायचं ना, तुमची नात आहे म्हणून."

"दुसऱ्याची असती तर?"

तो हसला. चहा मागवला. मी चहा घेतला नाही. तीन कागद टेबलावर ठेवले. नातीचा अर्ज. गोवंडीचा प्लास्टिकमधला अर्ज; हद्द कुठलीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि तिसरा, मी रात्रीच्या भरात नाही, सकाळी उजेडात बसून लिहिलेला, माझ्याविरुद्धचा. अमुक बाईचा अर्ज मी मुद्दाम नोंदवला नाही, माझी चौकशी करावी.

त्याने तिसरा वाचला. दार लोटून घेतलं. "काका, वेड लागलं का? पेन्शनची वाट लागेल."

"लागू दे."

"आणि परदेशात बसलेला तो मुलगा मी कुठून आणू? सांगा ना. त्यांचं सरकार देणार आहे का? उद्या त्यांनी आपल्या पोराला मागितलं तर आपण देणार?"

"इथल्या पोराने तिथल्या मुलीचे फोटो टाकले तर मागू देत. द्यावा." मी म्हणालो. "आणि तो मिळणार नाही हे मलाही माहीत आहे. कदाचित कधीच नाही. पण त्याची आई मुलुंडला आहे. कधीतरी तो येईल. तेव्हा विमानतळावरच्या यादीत त्याचं नाव निघालं पाहिजे. ते निघायला आधी कुठेतरी लिहावं लागतं. आपण लिहीतच नाही. तू त्याला आणू नकोस. तू लिही."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचार."

साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त होता. तिसऱ्या दिवशी साहेब होते, वेळ नव्हता. फोटो अजून आहेत. एका साइटवरून जातात, दुसऱ्या साइटवर दिसतात. नातीने ऑफिस सोडलेलं नाही. ती जाते, मान वर ठेवून बसते, घरी आल्यावर तासभर गॅलरीत उभी राहते. मी तिच्यासाठी काहीही करू शकत नाही. भात लावतो.

सकाळी अकराला मी ठाण्यात जातो. दाराजवळच्या बाकावर बसतो. तिन्ही कागद मांडीवर. ज्या बाकावर ती बाई बसायची, तसलाच बाक. नवीन शिपाई विचारतात, "बाबा, काय काम?" मी म्हणतो, "नंबर." एकाने परवा शिक्का उचलला होता, मला घरी पाठवायला. मी कागदावर हात ठेवला. म्हणालो, "तो नको. तो माझ्याकडे आहे."

नंबर पडेपर्यंत मी उठणार नाही. आणि ज्या दिवशी त्या प्लास्टिकमधल्या कागदाला नंबर पडेल, त्या दिवशी खाली दोन नावं लिहायला लावणार आहे. एक त्या परदेशी माणसाचं. दुसऱ्यासाठी हद्दीचा प्रश्न येणार नाही. तो दाराजवळच्या बाकावर बसलेला आहे.