वृंदाच्या खिडक्या

काहीही बिघडलं तरी वृंदा यंत्र बंद करून पुन्हा चालू करत नसे. "काकू, तसं केलं की आजार लपतो. मला तो पकडायचाय," म्हणायची. साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेली ही बाई स्नेहलतागंजातल्या आपल्या घरी, वरच्या मजल्यावर राहत होती. मुलांनो, तुमची तिची भेट झाली नाही, म्हणून लिहिते आहे.

तिच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमच्या खिडक्या एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी, आपोआप बसत. मला नीटनेटकेपणाचं वेड, बघताक्षणी आवडलं. आता ती पुण्यात असते, पण जाताना माझ्याही लॅपटॉपवर तीच मांडणी करून गेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला शेजारी शेजारी दिसता ते त्यामुळेच.

ऑफिसात मात्र तिची चेष्टा व्हायची. "मॅडमजी, घर में टाइल्स कम पड़ गईं क्या?" हे शेजारच्या सोलंकीचं रोजचं. त्यात गोदामाचा एक नवा प्रोग्रॅम आला. सगळ्यांकडे चालला, हिच्याकडे नुसती राखाडी, कोरी खिडकी. बाजूची खिडकी हलवली की त्या खिडकीतले शब्द या राखाडीवर तसेच चिकटून राहत. साहेब म्हणाले, सोमवारी चालवून दाखवा, नाही तर सगळ्यांसारखं मशीन घ्या.

"माझे हात याच मांडणीवर चालतात, काकू. ही गेली तर मी पुन्हा नवशिकी."

शनिवारभर ती लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून होती. एक गोष्ट बदलायची, बघायचं, परत जागेवर ठेवायची. मी म्हटलं, सगळं एकदम बदलून टाक ना. तर म्हणाली, "मग शाबासकी कोणाला देऊ?"

रविवारी मी दाल-बाफले केले, वरणाबरोबर खायचे कणकेचे उकडून भाजलेले गोळे. तिचं ताट वाढलं आणि चटणी वाटायला आत गेले. येऊन बघते तर ताट जसंच्या तसं.

"अगं, थंडे झाले ना बाफले! कोणाची वाट बघतेस?"

"तुम्ही 'सावकाश होऊ द्या' म्हणाला नाहीत."

तिच्या घरी यजमानाच्या या शब्दाशिवाय कोणी घास उचलत नाही. आम्ही इंदूरवाले ते केव्हाच विसरलो. मी हसत तसं म्हटलं. तिने घास उचलला आणि हात मध्येच थांबला.

"काकू, तोही वाटच बघतोय!"

मग तिने समजावलं. इतरांच्या मशीनवर प्रत्येक खिडकीला बाहेरून एक चौकट मिळते. ती मिळाली की हा प्रोग्रॅम रेखाटायला लागतो. हिची मांडणी चौकट देतच नाही. म्हणजे वाढलेल्या ताटावर बिचारा बसून! तिने डाव्या हाताने एकच ओळ टाइप केली. अर्थ एवढाच, की चौकट येणार नाही, तू सुरू कर. प्रोग्रॅम उघडला. राखाडी गेली, रकाने, बटणं, सगळं लख्ख! खिडकी लहान केली, मोठी केली, कुठे डाग नाही. मी टाळ्या वाजवल्या. तिने वर तूप मागून घेतलं.

सोमवारी साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "रहने दो, मॅडम का मशीन जैसा है वैसा ही ठीक है." चहाच्या वेळी सोलंकी हळूच तिच्याजवळ आला. "मॅडमजी, अपने में भी लगा दो ना भिया." इंदुरात बाईलाही 'भिया'च!

हे सांगायला ती संध्याकाळी जिना उतरून धावतच आली. मी पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि 'सावकाश होऊ द्या' म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिचा पहिला चमचा तोंडात गेलाही होता.