गाठ मारणारी बाई

शहाजादी नावाचीच शहाजादी. बाप नबीलाल कागलकडच्या एका खेड्यात कापूस पिंजायचा. चौदाव्या वर्षी तिचा नवरा प्लेगात गेला, सोळाव्या वर्षी बाप. मग ती मिरजेच्या दवाखान्यात फरशी पुसायला राहिली. तिथं कुणी तिला वाचायला शिकवलं, कुणी जखम बांधायला, आणि होता होता पोरगी नर्स झाली. आता कोल्हापुरात जा, शाहू महाराजांचं राज्य आहे, शिकलेल्याला काम मिळतं, असं मिरजेत सगळे सांगायचे. सांगणाऱ्याचं काय जातं? दिवाळीनंतर एका सकाळी ती एक ट्रंक घेऊन गाडीतून उतरली आणि मावशीच्या, म्हणजे सुलतानबीखालाच्या दोन खोल्यांत जाऊन राहिली.

तिसऱ्याच दिवशी ती बायकांच्या दवाखान्यात गेली. तिथं सहा खाटा होत्या आणि सहाही रिकाम्या. डॉक्टरीणबाई पुण्याकडची, सडेतोड. तिनं सर्टिफिकेट वाचलं, घडी घालून परत दिलं.

"जागा आहे," ती म्हणाली. "पण इथं बायका पायच ठेवत नाहीत. खाटा मोजायला मला नर्स नको. लोकांची दारं जिला उघडतात अशी बाई पाहिजे. एखाद्या घरानं आपण होऊन तुला बाळंतपणाला बोलावलं, की ये. त्या दिवशी नाव लिहीन."

घरी येऊन तिनं हे खालाला सांगितलं. खाला वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यात एक हिशेब पक्का होता: तरण्या विधवेनं मोकळं राहू नये. उचगावचा शमशुद्दीन बिजवर होता. दोन पोरं, स्वतःचं घर, तंबाखूचं दुकान. "मोहरमचा चाँद दिसायच्या आत काम मिळालं तर कर बाई काम," खाला म्हणाली. "न्हाय मिळालं तर त्याच्या आत निकाह. एकदा मोहरम लागला की लगीन व्हत न्हाय, आनि तो मानूस काय तुज्यासाठी थांबनार न्हाय."

हातात दीड महिना होता. त्या दिवसापासून शहाजादीचं बूड एका जागी टेकेना. चुलीपुढून उठायची, दारात जाऊन यायची, परत बसायची. सकाळी पांढरं लुगडं नेसून, कातड्याची पिशवी घेऊन पेठा पालथ्या घालायची. आणि गंमत अशी, की ती गल्लीच्या तोंडाशी दिसली रे दिसली की दारं धडाधड लागायची. पांढरे कपडे आणि पिशवी म्हणजे प्लेगाची सुई टोचणारी, अशी लोकांची खात्री. एका दारामागून म्हातारीनं सांगितलं, "आमच्यात कोन न्हाय, समदी शेताला गेल्यात," आणि तिच्या मागं चार पोरं खोकत होती. शहाजादी पायरीवर उभी राहून हसली. घरी आल्यावर मात्र तिला रडू आलं, आणि रडताना खालानं पाहिलं याचा तिला जास्त राग आला.

बोलावणं आलं ते खालूमुळं. खालाचा नवरा इमाम गाद्या भरायला गावोगाव जायचा. कसबा बावड्यात शालूबाईच्या घरी तो गादीचा कापूस पिंजत बसला असताना आत सून अडलेली. दुसरा दिवस होता, सुईण चिमणाबाई दमून गेली होती. इमामनं पिंजता पिंजता सहज सांगितलं, की आमच्या घरात मिरजेची शिकलेली पोरगी आहे. दुपारी शालूबाईचा लेक आकाराम बैलगाडी घेऊन खालाच्या दारात. "मावशी, ती मिरजंची बाई हितंच ऱ्हाती न्हवं? आईनं लगीच बोलिवलंय."

आपण होऊन. शहाजादीनं ते दोन शब्द मनात घोळवले आणि पदर खोचून गाडीत चढली.

बावड्यात गुऱ्हाळं पेटली होती. सगळ्या गावाला गुळाचा वास येत होता. शालूबाईच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तिला वाटलं, घरात चोरी झाली की काय. पेट्यांची झाकणं उघडी, धान्याच्या पोत्यांची तोंडं सोडलेली, आकारामचा फेटा उलगडून दांडीवर टाकलेला. घरातल्या बायकांचे केस मोकळे. दावणीची जनावरंही सोडलेली. एक रेडकू वाळत घातलेल्या मिरच्या तुडवत हिंडत होतं आणि त्याला बांधायची कुणाची छाती नव्हती. बाई अडली की घरात एकसुद्धा गाठ ठेवायची नाही, तरच ती मोकळी होते, हा तिथला रिवाज.

शालूबाईनं दारातच तिला अडवली. तिच्या आवळून बांधलेल्या अंबाड्याकडं आणि पाठीवरच्या एप्रनच्या गाठीकडं बघत म्हणाली, "आदी त्या गाठी सोड. मग आत जा."

मिरजेला केस सुटे ठेवून कुणी बाळंतिणीजवळ गेलं असतं तर दवाखान्याच्या मोठ्या बाईनं त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. शहाजादीनं क्षणभर विचार केला. अंबाडा सोडला, केसांवर धुतलेलं फडकं घट्ट लपेटून त्याचं टोक आत खोचलं. एप्रनचे बंदही तसेच कमरेला खोचले.

"बगा मावशी, हाय का कुटं गाठ?"

शालूबाईनं मागं पुढं फिरून पाहिलं आणि बाजूला झाली.

आत चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. साठीची बाई, निम्म्या बावड्याला तिनं जन्माला घातलेलं. तिनं शहाजादीला नीट पाहिलंसुद्धा नाही. शहाजादीनं हात उकळलेल्या पाण्यानं धुतले आणि कामाला लागली. तासाभरानं पोर आलं. मुलगा होता, पण निळा. रडेना.

बाळामागून वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही, अशी तिथली रीत. पण या पोराला आधी सोडवून घेऊन चोळायला, तोंडानं वारा द्यायला हवा होता. आणि नाळ कापायची तर आधी दोन ठिकाणी बांधायची. शहाजादीनं पिशवीतला दोरा काढला तशी शालूबाईनं तिचं मनगट धरलं.

"गाठ नगं. अजून वार आत हाय."

"मावशी, हात सोडा. पोर जातंय."

शालूबाईनं सोडला नाही. शहाजादीनं हिसडा मारून सोडवून घेतला, दोन गाठी मारल्या, कापलं आणि पोराला उचललं. पाठ चोळली, तोंडानं वारा दिला. मग पोरानं आधी बारीक कुंई केलं आणि नंतर चांगलं गळा काढून रडलं.

पण वार पडायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सगळ्या बायका त्या दोऱ्याकडं बघत होत्या. शहाजादी सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली होती. पडली अखेर, सगळी पडली, रक्तही थांबलं. तरी शालूबाई दारापर्यंत सोडायला आली ती एवढंच सांगायला: "पोर वाचलं ते देवानं. वार अडली ती तुज्या गाठीनं. पुन्यांदा ह्या दारात येऊ नगंस."

खण-नारळ चिमणाबाईला मिळाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं विचारलं, "बोलावलं खरं. पण एकदा बोलावून दार लावलं तर काय उपयोग? पुन्हा बोलावतील?" होय म्हटलं असतं तर वहीत नाव गेलं असतं. कोण तपासायला बावड्याला जाणार होतं? शहाजादी म्हणाली, "न्हाय बोलवायची." डॉक्टरीणबाईनं वही मिटली.

आठवडाभरात तिला नाव पडलं. गाठ मारणारी बाई. आता दारं लागायची ती ओळखून लागायची. घरात खालानं निकाहासाठी हिरव्या कापडाची कुर्ती शिवायला घेतली. शमशुद्दीन एकदा येऊन गेला. माणूस सभ्य होता, खाली मान घालून चहा प्याला. त्याच्यात काही खोट काढता येईना म्हणून शहाजादीला अजूनच गुदमरायला झालं. शिकलेले हात तंबाखूच्या पुड्या बांधणार, या विचारानं ती रात्रभर कूस बदलायची.

चाँद दिसायला चार दिवस राहिले होते. भल्या सकाळी परसदारी कुणीतरी कडी वाजवली. चिमणाबाई होती, डोक्यावरून पदर ओढून, बावड्याहून चालत आलेली.

"आत ये की मावशी."

"न्हाय. ऐक आदी." ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माजी धाकटी लेक बाळंतपनाला आलीया. म्हागल्या साली तिचं पोर असंच निळं आलंतं. म्या वार पडायची वाट बघत बसले, रीत हाय म्हनून. माज्या डोळ्यादेखत गेलं. हातात इळा व्हता, दोरा व्हता, म्या वाट बघत बसले." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्या दिशी तू मारलेली गाठ म्या बगितलीया. शालूबाई काय बी म्हनू दे. पहाटंधरनं पोरीला कळा सुरू झाल्यात. चल माज्यासंगं."

शहाजादीनं पिशवी उचलली. खाला कुर्तीचं कापड हातात घेऊन बघत राहिली.

वाटेत दवाखाना लागला. "मावशी, घटकाभर थांब," म्हणून ती तशीच आत शिरली. डॉक्टरीणबाई नुकती येऊन बसत होती.

"बोलावलं, बाई."

"कुणी?"

"बावड्याच्या सुईणीनं. स्वतःच्या लेकीला."

डॉक्टरीणबाईनं चष्मा काढला. खिडकीतून तिला रस्त्यावर उभी असलेली म्हातारी दिसली. तिनं वही ओढली, टाक शाईत बुडवला आणि समोरच्या खुर्चीकडं हात केला.

"बस. पूर्ण नाव सांग."

दीड महिना या खुर्चीसाठी शहाजादीनं पायाचे तुकडे केले होते. तिनं खुर्चीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नाव मागनं लिवा, बाई. म्या फक्त सांगायला आलते," असं म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरून गेली होती.