चाकामागची खुर्ची

माणूस मेला की त्याच्याविषयी खोटं बोलायचा परवाना आपल्याला कोण देतं? थोरले काका गेल्याची बातमी मला हिंगोलीत मोबाइलवर कळली. झडणाऱ्या पाकळ्यांच्या चित्राखाली लिहिलं होतं, ‘गोरगरिबांचा आधारवड हरपला’. पुसेगावजवळच्या आमच्या गावात भगवानराव काकांना आधारवड म्हणणारा एकही माणूस त्यांच्या हयातीत मी पाहिला नव्हता. मग शोकसभा झाली. एका पुढाऱ्यानं त्यांना दानशूर ठरवलं, कारण त्यांनी देवळाला कमान दिली होती. दुसऱ्यानं अजातशत्रू म्हटलं, आणि हाच गृहस्थ बांधावरून त्यांच्याशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होता. समोर बसलेली माणसं माना डोलवत होती. अशा सभांची मला किळस येते. मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा मारायची ती रीत आहे, यावेळी हार घालून.

काका तुसडे होते, हे मी लिहिते. मजुरी वाढवायची म्हटलं की त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील, शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं छापून गावोगाव वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच, आणि त्यातला ‘जमीनदार’ हा शब्द वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काकांच्याच मिशा यायच्या. तेही मला सोडत नसत. दारात दिसले की म्हणायचे, “आली का पत्रकवाली? बस, चहा पी. मंग क्रांती कर.” मी चहा प्यायचे आणि भांडायचे. हा आमचा जिव्हाळा.

त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. कापूस वेचायला येणाऱ्या बाया त्या जीपमधून शेतात जायच्या. बायांची वस्ती गावाबाहेर, चढावर. जीप तोंड वर करून उभी राहायची आणि बाया मागच्या बाजूनं चढायच्या. म्हणजे गाडी मागं सरकली तर ती सरळ बायांवरच येणार. आमच्या भागात यावर एक थोर उपाय आहे, चाकामागं दगड लावायचा. इंजिन बदलतील, टेप बसवतील, दसऱ्याला झेंडूनं गाडी मढवतील, चाकाखाली लिंबू चिरडतील... पण हँडब्रेक नीट करणार नाहीत. दगड फुकट मिळतो, आणि वस्तीवरच्या बायांचा जीवही आपल्याला फुकटच वाटतो.

एका वेचणीच्या हंगामात नाल्यात आदळून त्या जीपचा मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा आस, मोडला. भंगारातून दुसरा आणला, पण त्याला जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. काकांनी जीपला पूर्वीच मागंही डिस्क ब्रेक बसवून घेतले होते, कारण काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये जाऊन बसला की ब्रेक धरत नाही, हे त्यांनी सोसलं होतं. तेच डिस्क ब्रेक मोडक्या एक्सलवरून काढून या एक्सलवर चढवा, असा त्यांनी हट्ट धरला. सेनगावचा बंडू मिस्त्री वैतागला. “मालक, भोकं जुळत न्हाईत. मागचे ब्रेक कोण बघून राहिलं?” काका म्हणाले, “मागून चढणारे बघतेत.”

मग लेथवर लोखंडी पट्ट्या कापून घेतल्या, त्यांवर डिस्कचं सामान बसवलं. यात दिवस जात होते आणि कापूस बोंडातून लोंबायला लागला होता. बायांच्या टोळीची पुढारीण पारूबाई अंगणात येऊन गरजली, “तुमाला गाडी थांबायची काळजी, मालक. आमचं पोट थांबत न्हाई!” तिचं बरोबर होतं.

शेवटी मिस्त्री जीप घेऊन आला. पाय दाबला की गाडी जागच्या जागी थांबत होती. काका म्हणाले, “वस्तीवर चल.” मीही गेले. चढावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि मिस्त्री सवयीनं दगड शोधायला वाकला. नव्या जोडणीत हँडब्रेकची केबल पुरत नव्हती. त्यानं ती तारेनं बांधून टाकली होती, म्हणजे हँडब्रेकचा भरवसा नव्हता. काकांनी कुणाच्या तरी घरातून प्लॅस्टिकची खुर्ची मागवली आणि मागच्या चाकापाशी ठेवली.

“दगड न्हाई. तू बस.”

“मी? काहून मालक?”

“बाया रोज उभ्या ऱ्हातेत तिथं. तू बस. चहा मागवतो.”

मिस्त्री बसला नाही. मान खाली घालून गाडी परत घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला केबल मापाची करून आणली. यावेळी काकांनी जीपमध्ये सोयाबीनची पोती भरायला लावली. मिस्त्री खुर्चीत बसला, चेहरा राखेसारखा. काकांनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. पारूबाई ओरडली, “मालक, आदी मजुरी देऊन बसा!” सगळी वस्ती हसली. दोघांनी चहा संपवला. जीप बोटभरही हलली नाही.

हे त्यांनी दयेपोटी केलं असं मी लिहिणार नाही. मी विचारलंच होतं. ते म्हणाले, “बाई चेंगरली तर कापूस कोण वेचील, तुझं पत्रक?” मजुरीही त्यांनी त्या वर्षी वाढवली नाही. पण ज्या जागी दुसऱ्याला उभं करतो त्या जागी आधी आपण बसायचं, एवढं त्यांना कळत होतं. शोकसभेतल्या एकाही वक्त्याला त्यांची ही एक आठवण सांगावीशी वाटली नाही. सांगितली असती, तर स्वतःच्या गाड्यांकडे बघावं लागलं असतं.

तेराव्यानंतर मी वस्तीवर गेले. जीप आता त्यांचा मुलगा प्रल्हाद चालवतो. चढावर ती उभी होती आणि चाकामागं दगड होता. “केबल अडकत व्हती, काढून टाकली,” तो म्हणाला. वर ऐकवलं, “बाबाला येड होतं.” गाडीच्या काचेवर त्याच बाबांचा हार घातलेला फोटो चिकटवला होता. पारूबाई आणि तिच्या बाया बाजूला उभ्या होत्या, एकही चढत नव्हती. प्रल्हाद म्हणाला, दुसऱ्या गावच्या बाया आणतो. आणेलही... दुसऱ्या गावच्या बायांना काय माहीत?

म्हणून हे वाचणाऱ्यांना सांगते. सेनगाव असो, वसमत असो, तुमच्या गावातून मजूर बाया किंवा शाळेची लेकरं नेणारी गाडी उद्या सकाळी उभी राहील. तिच्या चाकामागचा दगड काढायला लावा आणि मालकाला तिथं उभं राहायला सांगा. तो उभा राहिला नाही, तर कुणालाही त्या गाडीत चढू देऊ नका.