कुंपणाला बांधलेला फोन

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी इथे कुवेतमध्ये रुमैथियाच्या मैदानावर मी माझा फोन कुंपणाच्या जाळीला ओढणीने घट्ट बांधला... लोक बघत होते. बघू देत. एका मॅचसाठी स्टँड विकत घेणाऱ्यातली मी नाही, आणि मी मारलेली गाठ सुटत नाही.

कारण सांगते. आमची ऋचा चौदा वर्षांची, इथल्या मुलींच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळते. म्हणजे डाव्या बाजूने कुणाला गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे तिचं काम.

भारतातल्या एका फुटबॉल अकादमीचे स्काऊट एका अ‍ॅपवर मुलामुलींचे व्हिडिओ बघतात आणि त्यातून ट्रायलला बोलावतात. एरवी कुवेतमध्ये येऊन आमच्या पोरी कोण बघणार? अकाउंट पालकाच्या नावाने लागतं, ते मी उघडलं. शिक्षण दहावीपर्यंतच, पण फॉर्म भरण्यात मला कुणी हरवून दाखवावं!

पहिल्यांदा मी तीन मॅचेसचा मिळून चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला होता. फोनमध्ये जागा कमी, आणि दर महिन्याला जागेचं भाडं भरणं मला पटत नाही. म्हणून बॉल ऋचाकडे नसेल तो सगळा भाग मी काढून टाकायची... मेथी निवडावी तसा.

त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं. बॉल नसताना ही मुलगी काय करते ते दिसत नाही, न कापलेली पूर्ण मॅच रविवारपर्यंत पाठवा.

मी तर सगळं पुसून बसलेले! हाताशी एकच मॅच उरली होती, शुक्रवारची. आणि यंदा नाही तर नाहीच, पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात बसत नाही. ऋचा "इट्स ओके, आई" एवढंच म्हणाली आणि बूट पुसायला बसली. पण नाकाचा शेंडा लाल झाला होता... आईला दिसतंच ना.

मग मी फोनमधली माझी सगळी भजनं, आरत्या पुसल्या. देव समजून घेतो. जागा झाली, सबंध मॅच मावेल एवढी.

फोन जाळीला बांधल्यावर माझे हात मोकळे झाले आणि तोंडही. मी शेजारीच उभी. ऋचा आपली मागेच थांबायची, मला राहवेना... "अगं पुढे जा! सगळ्या गेल्या, तू काय उभी राहिलीस? जा ना पुढे!" मॅच आम्ही एक-शून्यने जिंकलो.

घरी येऊन व्हिडिओ लावला. चित्र झकास, अख्खं मैदान दिसतंय. आणि आवाज? पहिल्यापासून शेवटपर्यंत मी!

ऋचाने तोंडावर उशी घेतली. "आई, म्यूट इट! प्लीज! दे विल लाफ!" हे सोफ्यावरून म्हणाले, "असू दे गं, कॉमेंट्री फुकटात मिळाली आहे."

मलाही लाज वाटली. आवाज बंद करणारच होते, पण आधी कोचना विचारलं. ते केरळचे, आमचं बोलणं हिंदीत चालतं. "नहीं दीदी, आवाज रहने दो. डिफेंडर ग्राउंड पे बोलती है कि नहीं, वो भी देखते हैं." झालं! सप्तशृंगी आईचं नाव घेतलं आणि आहे तसा व्हिडिओ पाठवून दिला.

बुधवारी दुपारी मी पोळ्या करत असताना स्काऊटचा फोन आला. आमचं आडनाव बघून त्यांनी थेट मराठीतच सुरुवात केली. माणूस कोल्हापूरचा.

"वहिनी, मॅच सगळी बघितली. पण ती बाहेरनं ओरडणारी बाई कोण ओ?"

तव्यावरची पोळी करपायला लागली...

"नाही म्हणजे, सारखं आपलं पुढं जा, पुढं जा! त्या कॉर्नरच्या वेळी तर लईच. अख्खी टीम वर गेलेली. त्या बाईचं ऐकून ही पण गेली असती, तर उलटा गोल बसला असता बघा. पोरगी जागची हलली नाही. नंतर एकटीनं दोघींना अडवलं. तिथंच मी तिचं नाव लिहिलं."

"ती बाई... मीच," मी म्हटलं.

पलीकडून मोठ्ठं हसू. "मग तर डबल शाब्बास तिला! आईचं न ऐकणं काय सोपं असतंय? सुट्टीत ट्रायलला घेऊन या. पण तुम्ही जरा लांब बसा, काय?"

ऋचाला सांगितलं तेव्हा तिने मला अशी मिठी मारली की माझ्या हातावरचं पीठ तिच्या केसांत गेलं. "सी? आय टोल्ड यू ना, आई, डोन्ट शाउट!" म्हटलं, बरं बाई, तुझंच खरं.

काल पुन्हा मॅच होती. मी जाळीशी उभी राहिले, हातात जपमाळ आणि ओठ मिटलेले. सोपं नव्हतं हो...

पण गप्प बसले तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. "लेफ्ट! लेफ्ट! यल्ला, चल सना, माय बॉल! पीछे देख, पीछे!" गोलकीपर सनापासून सगळ्या पोरींना ती एकसारखं सांगत होती, आणि सगळ्या तिचं ऐकत होत्या. घरी एका शब्दात उत्तर देणारी माझी लेक...

ट्रायलमध्ये काय व्हायचं ते होईल, ती तयार आहे. देवा, एवढे दिवस मी तुझ्याकडे तिच्यासाठी मागत होते. काल पहिल्यांदा काही मागितलं नाही, नुसती ऐकत उभी राहिले.