काशिनाथमामांच्या कानावरची बिडी

काशिनाथमामा. मी जो काही आहे तो या माणसामुळे. नात्याने ते माझे कोणी नव्हते; नांदगावकडच्या एका धरणावर मासेमारी करायचे. आमची वस्ती एका काठाला, शाळा दुसऱ्या. दहावी होईपर्यंत त्यांनी मला रोज होडीतून पलीकडे सोडलं. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्या वल्ह्यावर. आणि त्यांच्याशी मी काय केलं, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मामांचा एक नियम होता. होडीत बिडी पेटवायची नाही. ती कानावर ठेवायची, काठाला पाय टेकला की मगच काडी ओढायची. पोरं चिडवायची, "मामा, धरणाला खोकला येतो काय?" मामा म्हणायचे, "खायला देतं ना तुला? मग त्याच्या तोंडावर धूर सोडतो व्हय?"

दोन हजार सालानंतर मच्छीमार सोसायटीला इंजिनाची बोट मिळाली. ती चालवायचा मान मामांचा. बोटीत दोन बॅटऱ्या — एक इंजिन सुरू करायला, एक दिव्यांना. चार्जिंगसाठी त्या खांद्यावरून गावात न्याव्या लागत. मी तेव्हा नाशिकला बॅटरीच्या दुकानात नोकरीला होतो. मामा सोसायटीच्या सभेत म्हणाले, "आपला पोरगा बी.एस्सी. हाय. त्यालाच इचारू."

बोटीतच कायम बसवायचा, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भरणारा चार्जर मी निवडला. निवड चुकली नव्हती. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. दोन पानं वाचली, नीट कळेना — पण पदवीधराला कळत नाही, हे विचारायचं कुणाला?

"समदं वाचलं ना रं?" मामांनी विचारलं.

"पूर्ण," मी म्हणालो.

पाणी लागू नये म्हणून चार्जर आणि बॅटऱ्या मी एकाच पेटीत बसवल्या. झाकण अगदी घट्ट. मामा बघत होते. "भोकं नाय ठेवली? जित्या माशाच्या पेटीला बी आपण ठेवतो."

"मामा, बॅटरी हाय ती, मरळ नाय."

सगळे हसले. मामाही हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट काठाला होती, चार्जिंग चालू होतं. मी वर, जिथून वीज घेतली होती त्या पंपाच्या खोलीपाशी उभा. मामांनी पेटी उघडली, एक तार ढिली वाटली म्हणून हलवली. ठिणगी उडाली — आणि एक कोरडा, फुटका आवाज. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तो पेटीत कोंडला होता. हे त्या पुस्तिकेत सातव्या पानावर लिहिलेलं होतं. चित्रासकट. चित्रातल्या पेटीला भोकं होती.

मामा तोंड धरून खाली बसले होते. बॅटरीतलं अ‍ॅसिड डोळ्यात गेलं होतं. मी धरणाचं पाणी ओतत राहिलो. आणि पायाशी, फळीवर — बिडी पडली होती. अख्खी. न पेटलेली. मी ती उचलली.

"झालं काय?" सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले.

"मामांनी बिडी पेटवली असेल."

हे मी बोललो? आवाज माझाच होता. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता — सगळ्यांना ते पटलं. लगेच. कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधलेले मामा म्हणाले, "आसंल बा. मला आठवत नाय. पण हा शिकलेला हाय, खोटं कशाला बोलंल?"

बिडी तेव्हा माझ्या खिशात होती.

उजवा डोळा गेला. सोसायटीने बोट त्यांच्याकडून काढून घेतली. डोळ्याबद्दल मामा कधी बोलले नाहीत. भेटेल त्याला एवढंच विचारायचे, "मी पाण्यावर बिडी ओढली म्हणं. मी आसं करंल का?" लोक विषय बदलायचे. गावी आलो की मीही समोर असायचो. सहा वर्षं.

मामांना वाचता येत नाही. त्यांना आलेलं पत्र सोसायटीच्या कचेरीत, सगळ्यांसमोर, सेक्रेटरी मोठ्याने वाचतात. म्हणून मी जाऊन त्यांच्या कानात सांगितलं नाही. पत्र पाठवलं.

"काशिनाथमामांस नमस्कार.

तुम्ही बोटीत बिडी पेटवली नव्हती. ती तुमच्या कानावरून पडली, तेव्हा अख्खी होती. मी पाहिली आणि लपवली. पेटीला भोकं ठेव, असं तुम्ही मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी हसलो. पुस्तिका मी पूर्ण वाचली नव्हती. तुमचा डोळा माझ्यामुळे गेला, आणि बोटही.

बिडी या पाकिटात आहे."